मुलांसाठी जंगलातली रहस्यकथा कशी रचावी: घटनेपासून वाचनचाचणीपर्यंत

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जंगलातली रहस्यकथा लिहायला बसलेले बरेच जण थेट पहिलं प्रकरण लिहायला घेतात. रात्री लुकलुकणारा दिवा, ओढ्यापलीकडून आलेली शीळ, अर्धवट उघड्या दाराची झोपडी. सुरुवात झकास जमते. सातव्या-आठव्या प्रकरणात मात्र घोडं अडतं, कारण तो दिवा कुणाचा होता हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. मग गुन्हेगार योगायोगाने सापडतो आणि तीन पानं भरून स्वतःच सगळं कबूल करतो. आपण डोकं चालवलं त्याचा काही उपयोग झाला नाही, हे वाचणाऱ्या मुलाला तिथेच कळतं.

दुसरी चूक अशी की जंगल नुसतं मागे असतं. तीच कथा वसतिगृहात किंवा आगगाडीत नेली तरी चार शब्द बदलून भागतं. पाऊस, चंद्र, उतार, चिखल, वारा यांपैकी कशानेच रहस्य बांधलेलं नसतं आणि उलगडतही नाही.

दोन्ही चुका तयारीचा क्रम उलटा झाल्यामुळे होतात. आधी खरी घटना ठरवायची, मग नकाशा आणि घड्याळ, मग पुरावे, मग संशयित, त्यानंतर मुलं, आणि प्रकरणं सगळ्यात शेवटी. पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: तळ्याकाठी वन्यजीव अभ्यासकांची छावणी आहे, चार मुलं तिथे राहायला आली आहेत, आणि उतारावरच्या झाडाला बांधलेला ट्रॅप कॅमेरा (समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा) एका सकाळी गायब झाला आहे.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

एक मोठा कागद, तीन रंगांची पेनं, पोस्टकार्डाएवढी ३०-४० कोरी कार्डं, आणि चंद्रोदयाच्या वेळा दिलेली दिनदर्शिका. चंद्रोदय कशाला, ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

लांबी आधीच ठरवा, कारण संशयित आणि पुरावे किती हे तिच्यावर ठरतं. मासिकासाठी १५०० ते २५०० शब्दांची कथा असेल तर एक जागा, दोन संशयित, दोन-तीन पुरावे. याहून जास्त मावत नाही. पुस्तक असेल तर २० ते ३५ हजार शब्द, १५-२० प्रकरणं, तीन ते पाच संशयित.

एकच ऋतू आणि एकाच प्रकारचं रान घ्या, आणि ते तुमच्या पायाखालचं असू द्या. पहाट, भर दुपार, तिन्हीसांजा आणि अंधार पडल्यावर, अशा चार वेळी तिथे थांबून चार गोष्टी टिपा: काय ऐकू येतं, कसला वास येतो, पायाखाली काय आहे, आणि किती अंतरावरचं दिसतं. अंधारातली वेळ जाणकार माणूस सोबत असतानाच. दाट झाडीत ३० मीटरवरचा माणूस दिसत नाही, पण त्याच्या पायाखालचा पाचोळा ऐकू येतो. हे एकदा अनुभवलं की पाठलागाचे प्रसंग आपोआप खरे उतरतात.

## टप्पा १: खरी घटना गुन्हेगाराच्या बाजूने लिहा

कथेत मुलं कशी शोधतात हे अजून बाजूला ठेवा. गुन्हेगाराने काय केलं ते घड्याळ लावून एका पानावर लिहा. उदाहरणातलं पान असं होईल:

दोन रात्रींपूर्वी: होडीवाला चोरून तोडलेले ओंडके वरच्या रिकाम्या झोपडीत नेत असताना ट्रॅप कॅमेऱ्यासमोरून जातो.
सायंकाळी ७: छावणीत सामान उतरवताना मुलांच्या बोलण्यातून त्याला कळतं की उद्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढणार आहेत.
रात्री ९: ‘पलीकडे जातो’ असं सांगून तो निघतो. प्रत्यक्षात होडी काठावरच्या वाळूत झुडपांमागे उपडी करतो आणि झोपडीकडे चढतो.
१० ते ११.३०: पाऊस. तो झोपडीत शेकोटी पेटवून थांबतो.
१२ च्या सुमारास: ढग पांगलेले, चंद्र उगवतो.
१: विजेरी न लावता चंद्रप्रकाशात उतरून तो कॅमेऱ्याचा पट्टा कापतो.
पहाटे ५: होडी सुलटी करून पाण्यात ढकलतो आणि आत्ताच आल्यासारखा किनाऱ्याला लागतो.

या पानाला दोन प्रश्न विचारा. पहिला, आजच का? कार्ड उद्या निघणार म्हणून. दुसरा, असंच का? पेटीला कुलूप आहे, नुसतं कार्ड काढता येत नाही, म्हणून अख्खा कॅमेरा नेला. ‘आजच का’ला उत्तर नसेल तर पुढे कितीही सजावट केली तरी कथा ढिलीच राहते.

गुन्हा कुठला निवडावा? चोरी, लपवाछपवी, चोरटी वृक्षतोड, सापळे लावणं, एखादी वस्तू किंवा माणूस नाहीसं होणं. खून टाळा. मुलं भेदरतील हे एक कारण, पण त्याहून मोठी अडचण अशी की खून झाला म्हणजे पोलीस येतात, मुलांना तिथून हलवतात, आणि कथाच संपते. हेतू दहा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात कळेल असा असावा: लोभ, भीती, लाज, मत्सर, किंवा कुणालातरी वाचवण्याची धडपड. वारसाहक्काचे आणि कंपनीच्या समभागांचे घोटाळे या वयाला कळत नाहीत.

तपासा: पान वाचल्यावर ‘तेवढ्यात नेमका’ असं कुठे म्हणावं लागतं का? गुन्हेगाराच्या बाजूने एक योगायोग चालतो. मुलांच्या बाजूने एकही नको.

## टप्पा २: नकाशा आणि घड्याळ

मोठ्या कागदावर सहा ते आठ जागा मांडा: छावणी, तळं, ओढा, ओढा ओलांडायची उथळ जागा, झोपडी, कॅमेऱ्याचं झाड, उंच कडा, पायवाटेचे फाटे. उत्तर दिशा कुठे आहे ते लिहा. पाणी कुठून कुठे वाहतं त्याचे बाण काढा. ओढे वाहत्या दिशेने एकमेकांना मिळतात. खाली जाताना ओढ्याला एकामागून एक फाटे फुटत गेलेले दाखवणं ही नकाशातली नेहमीची चूक.

अंतराचा हिशेब. प्रत्येक दोन जागांमधलं अंतर आणि चढ लिहा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला आडाखा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. झोपडी ३ किलोमीटर दूर आणि ३०० मीटर उंचीवर असेल तर ३६ मिनिटं अधिक ३० मिनिटं, म्हणजे तास-सव्वातास. हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा झाला. पाठीवर पिशव्या घेतलेल्या मुलांना दुप्पट वेळ द्या. म्हणजे दुपारी चारला निघालेली मुलं सहाच्या आधी झोपडीशी पोचत नाहीत, आणि परतीला अंधार होतो. हा अंधार तुम्हाला फुकट मिळालेला ताण आहे, पण हिशेब केला असेल तरच.

चंद्राचा हिशेब. सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे फसतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर असतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी वर आलेलाच असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. अमावास्येला चंद्रप्रकाश मिळत नाही. उगवण्याची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सोमवारी पूर्ण चंद्र आणि बुधवारी अमावास्येचा काळोख हे अशक्य. बीजेची कोर मध्यरात्री डोक्यावर दाखवली तर तीही चूक. ती सूर्यास्तानंतर थोडा वेळ पश्चिमेला दिसते आणि मावळते. उदाहरणातली रात्र वद्य अष्टमीची आहे, म्हणून गुन्हेगार बारापर्यंत थांबतो. हीच गोष्ट पुढे एका संशयिताचं खोटंही उघडं पाडणार आहे.

वाऱ्याचा हिशेब. डोंगरउतारावर स्वच्छ हवामानात दिवसा तापलेली हवा वर चढते, आणि रात्री थंड झालेली हवा उताराने खाली वाहते. म्हणून रात्री वरच्या झोपडीतल्या शेकोटीचा धूर खालच्या छावणीत येतो, दुपारी येत नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती एक सुरेख पुरावा लागतो. आवाजाचंही तसंच. शांत, थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि दिवसापेक्षा लांबवर ऐकू येतो. तळ्यावर तर फारच.

सावधान: सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. शेवाळ नेहमी उत्तरेलाच उगवतं हेही खरं नाही. जिथे ओल आणि सावली तिथे ते उगवतं. मुलांना दिशा शोधायला लावायची असेल तर तारे, नकाशा किंवा होकायंत्र द्या, आणि होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई फिरते हे लक्षात ठेवा. (ही सुई फिरणं स्वतःच एक छान पुरावा होऊ शकतं: जमिनीखाली लोखंडी पेटी पुरलेली आहे.)

## टप्पा ३: रानाला साक्ष द्यायला लावा

आता पहिल्या टप्प्यातल्या पानाची एकेक ओळ घ्या आणि विचारा, याची खूण रानात कुठे राहिली? ती किती वेळ टिकते? कशाने पुसते? कथेचा खरा कस इथे लागतो.

ओल्या चिखलातला पायाचा ठसा बघा. त्याच्यावर पावसाच्या थेंबांचे खड्डे असतील तर तो पावसाआधीचा किंवा पाऊस चालू असतानाचा. आजूबाजूच्या चिखलावर खड्डे आहेत आणि ठसा मात्र आतून गुळगुळीत आहे, तर तो पाऊस थांबल्यानंतरचा. एवढ्या एका निरीक्षणातून वेळ ठरते.

पहाटे गवतावर दव असताना कुणी चालत गेलं तर गडद रंगाची पट्टी उमटते. ऊन चढलं की दवही जातं आणि पट्टीही.

पायवाटेवर आडवं, न तुटलेलं कोळ्याचं जाळं म्हणजे जाळं विणल्यापासून इथून कुणी उभ्याने गेलेलं नाही. वाकून, रांगत गेलं असेल का, हा पुढचा प्रश्न एखाद्या चलाख मुलीने विचारावा.

राखेखाली झाकलेले निखारे कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत, धुगधुगत राहतात. ‘राख गरम आहे, म्हणजे आत्ताच कुणीतरी गेलं’ हे वाक्य असंख्य गोष्टींत येतं आणि ते चुकीचं आहे. तेच तुमच्या मुलांकडून चुकवून घ्या, मग दुरुस्त करा.

मोडलेल्या फांदीची पानं उन्हात काही तासांत मलूल होतात, सावलीत जास्त टिकतात. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या ठशात नखं उमटतात. मांजरकुळातले प्राणी नखं आत ओढून चालतात, त्यामुळे ती सहसा उमटत नाहीत. बेडूक आणि रातकिडे चालण्याची चाहूल लागली की गप्प होतात. अंधारात एका बाजूचा आवाज अचानक थांबला, तर तिकडून कुणीतरी येतंय.

खुणा अशा नाशवंत असतात, आणि त्यामुळे कथेला घड्याळ मिळतं. ऊन वर येण्याआधी, दुसरी सर येण्याआधी, छावणीतली माणसं चिखल तुडवण्याआधी मुलांनी पाहिलं तर पाहिलं.

उदाहरणातल्या खुणा:

- होडीतल्या दोराच्या पिळांत अडकलेला ताजा लाकडाचा भुसा आणि चिकट राळ. आदल्या संध्याकाळी सामान उतरवताना एका मुलाच्या हाताला चिकटते.
- रात्री उशिरा तंबूत आलेला धुराचा वास. छावणीतली शेकोटी तर पावसात विझली होती.
- कॅमेऱ्याच्या झाडाखालचा, थेंबांचे खड्डे नसलेला ठसा.
- काठावरच्या ओल्या वाळूत होडीच्या आकाराचा कोरडा, फिकट पट्टा. होडी पाऊसभर इथेच उपडी होती.

शेवटचा पुरावा बघा. होडीवाला म्हणतो मी नऊला पलीकडे गेलो, पण वाळू म्हणते होडी हललीच नाही. दहा वाजेपर्यंत ऊन वाळू वाळवेल आणि पट्टा नाहीसा होईल. कथेतलं सगळ्यात मोठं खोटं रानाने पकडलं आहे, आणि ते पकडायला कुणालाही विशेष ज्ञान लागत नाही.

नियम: ज्या निष्कर्षावर उलगडा उभा आहे त्याला निदान तीन पुरावे द्या, आणि ते वेगवेगळ्या जातीचे असू द्या: एक डोळ्यांनी दिसणारा, एक वासाचा किंवा आवाजाचा, एक कुणाच्या बोलण्यातला. एक पुरावा वाचकाच्या नजरेतून सुटतोच. तिन्ही पावलांचे ठसे असतील तर एक सुटला की तिन्ही सुटतात.

पुरावा लपवायचा कसा: लपवायचा म्हणजे सांगायचा नाही असं नव्हे. तो पानावर असलाच पाहिजे. पाच गोष्टींच्या यादीत मधे ठेवा. पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधली निसटते. किंवा त्याला लगेच दुसरा अर्थ द्या: हाताला राळ चिकटली, मोठी बहीण रागावली, मुलगा हात धुवायला पळाला. वाचकाला वाटतं हा भावंडांच्या भांडणाचा प्रसंग आहे.

तपासा: प्रत्येक पुराव्याचं एक कार्ड करा. त्यावर चार गोष्टी: काय आहे, कधी उमटला, किती वेळ टिकतो, त्यावरून काय सिद्ध होतं. ‘काय सिद्ध होतं’ची जागा कोरी राहिली तर तो पुरावा नाही, नुसती सजावट आहे.

## टप्पा ४: संशयित आणि चकवे

प्रत्येक संशयित काहीतरी लपवत असावा, पण प्रत्येकाचं लपवणं वेगळं. चकवा म्हणजे वाचकाला दिलेलं खोटं उत्तर; त्यालाही स्वतःचं खरं कारण लागतं.

उदाहरणात छावणीवर आलेला एक छायाचित्रकार आहे. तो म्हणतो, ‘नऊ वाजता मी चांदण्यात कड्यापर्यंत फिरून आलो.’ धाकटी मुलगी दिनदर्शिका बघते: चंद्र मध्यरात्रीपर्यंत नव्हताच. तो खोटं बोलला हे सिद्ध झालं, मुलं त्याच्या मागे लागतात आणि चार प्रकरणं खर्ची पडतात. शेवटी कळतं की मनाई असलेल्या घरट्याजवळ जाऊन तो पिल्लांचे फोटो काढत होता. चूक त्याचीही आहे, पण कॅमेरा त्याने नेलेला नाही. असा चकवा वाचकाला फसवल्याची भावना देत नाही, कारण मुलांचा तर्क बरोबरच होता; फक्त त्यांनी खोटेपणाचं कारण चुकीचं धरलं.

फसणारे चकवे ओळखायला सोपे आहेत: जखमेचा व्रण, तुसडा स्वभाव, वेगळी भाषा, गरिबी. दिसण्यावरून किंवा जमातीवरून संशय घ्यायला लावणारा चकवा नको. रानात राहणारी माणसं गूढ आणि धोकादायक रंगवण्याची सवय तर सोडाच. बहुतेक वेळा त्या रानाबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं, आणि मुलांना ठसा वाचायला शिकवणारं माणूस त्यांच्यातलंच असणं जास्त स्वाभाविक.

खरा गुन्हेगार पहिल्या पाव भागात वाचकाला भेटलेला असावा, तोही काहीतरी उपयोगी काम करताना. अकराव्या प्रकरणात पहिल्यांदा आलेला माणूस चोर निघाला तर वाचकाच्या मेहनतीला अर्थ उरत नाही.

## टप्पा ५: मुलांची टोळी, मोठी माणसं आणि फोन

तीन किंवा चार मुलं पुरेत. पाचवं मूल संवादात हरवतं. प्रत्येकाला एक नजर द्या: एक जण जमीन बघतो, एक जण ऐकते, एक जण नोंदी ठेवते, एक जण माणसांना बोलतं करतो. पुरावे यांच्यात वाटा, म्हणजे कुणा एकाला सगळं सापडणार नाही आणि बोलल्याशिवाय कोडं सुटणार नाही.

मोठी माणसं कुठे आहेत? ती मूर्ख किंवा बेपर्वा दाखवणं हा सोपा आणि कमकुवत मार्ग. त्यापेक्षा त्यांना दुसरं खरं काम द्या, आणि मुलांना हद्द घालून द्या: ओढा ओलांडायचा नाही, अंधाराआधी परत यायचं. हद्द ओलांडण्याचा क्षण कथेच्या मध्यावर आला की त्याला वजन येतं.

फोनचा प्रश्न टाळू नका. ‘रेंज नव्हती’ एवढ्याने काम भागत नाही, कारण फोनमधलं जीपीएस उपग्रहांकडून थेट संदेश घेतं. नेटवर्क नसलं तरी आपण कुठे आहोत ते कळतं, नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर रस्ताही दिसतो. मग तीन पर्याय उरतात. बॅटरी संपवा, रेंज शोधत राहणारा फोन लवकर रिकामा होतो, थंडीतही. किंवा फोन छावणीत जमा करून घेतलेले असू द्या. किंवा फोन राहू द्या आणि रहस्य असं ठेवा की तो असूनही सुटत नाही. तिसरा पर्याय सगळ्यात मजबूत. होडीचा कोरडा पट्टा फोनने टिपता येईल, पण त्याचा अर्थ लावावाच लागेल.

## टप्पा ६: धोका खरा, सल्ला बरोबर

वाचणारी मुलं अनुकरण करतात. कथेतला नायक जे करून वाचतो ते ती खरंच करून बघतील, म्हणून पुढच्या चार गोष्टींत सूट नाही.

वाट चुकल्यावर खरा सल्ला एका जागी थांबण्याचा आहे, भटकत राहण्याचा नाही. शिट्टीचे तीन आवाज ही मदतीची खूण बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते. डोंगराळ भागातली जुनी पद्धत मिनिटाला सहा आवाज, मग एक मिनिट थांबणं. पात्राला चालायला लावायचंच असेल तर त्याची किंमत दाखवा: शोधणारी माणसं त्याच्या आधीच्या जागी पोचतात आणि तो तिथे नसतो.

साप चावल्यावर जखम कापणं, विष चोखणं, करकचून दोर बांधणं ही तिन्ही चुकीची आहेत. हालचाल कमी करून लवकरात लवकर दवाखान्यात नेणं एवढंच बरोबर. कथेचा वेग त्यामुळे अडत असेल तर साप काढून टाका. कथानकात त्याची गरज क्वचितच असते.

ओढ्याचं पाणी उकळून प्यावं: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. अनोळखी फळं आणि अळंबी कुणी चाखू नयेत. एकट्या दिसणाऱ्या पिल्लाला उचलू नये. आई बहुधा जवळच असते.

दलदलीत माणूस डोक्यापर्यंत बुडतो हे चित्रपटातलं. शरीर त्या रेतीमिश्रित चिखलापेक्षा हलकं असल्याने माणूस कमरेच्या आसपास अडकतो. सुटता न येणं, आणि तेवढ्यात पाणी चढणं किंवा रात्र होणं, हा खरा धोका. तो लिहायलाही जास्त भीतिदायक आहे.

सावधान: वाघ-अस्वल आणून गुन्हेगाराला शिक्षा देऊ नका. रानातला प्राणी कथेच्या न्यायासाठी येत नाही, आणि आला की मुलांनी लावलेला तर्क वाया जातो.

## टप्पा ७: कार्डांची मांडणी

आता प्रकरणं. जमिनीवर दोन रांगा लावा. वरच्या रांगेत घडलं त्या क्रमाने, खालच्या रांगेत मुलांना कळलं त्या क्रमाने. दोन्ही क्रम वेगळे असायलाच हवेत. सारखे असतील तर रहस्य उरलेलं नाही. एका रंगाने पुरावे, दुसऱ्याने चकवे, तिसऱ्याने धोके खुणवा. एकाच रंगाची तीन कार्डं सलग आली की तिथे कथा रेंगाळते किंवा नुसती धावते.

सोळा प्रकरणांच्या पुस्तकाचा अंदाज असा: दुसऱ्या प्रकरणाअखेर कॅमेरा गायब. चौथ्यापर्यंत सगळे संशयित समोर आलेले. आठव्यात छायाचित्रकारावरचा संशय शिगेला, नवव्यात तो कोसळतो. बाराव्यापर्यंत शेवटचा पुरावा वाचकाच्या हातात. तेरा-चौदा धोक्याची प्रकरणं, पंधराव्यात उलगडा, सोळावं छोटं.

बाराव्यानंतर नवा पुरावा येऊ देऊ नका. उलगड्यात वाचकाने न पाहिलेली एकही वस्तू खिशातून निघता कामा नये.

तपासा: प्रकरणाच्या शेवटी किंकाळी आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ‘ते तर मांजर होतं’, असं दोनदा झालं की तिसऱ्या खऱ्या किंकाळीवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रकरण प्रश्नावर संपवा: ‘पाऊस होता, तर इथे वाळू कोरडी कशी?’

## टप्पा ८: लिहिणं

तयारी झाली असेल तर हा भाग सगळ्यात सुरळीत जातो. वाक्यं छोटी ठेवा, पण एकसुरी नको. वर्णन तीन ओळींपेक्षा लांबलं तर त्यात कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे. ‘घनदाट’, ‘भयाण’, ‘निबिड’ ही विशेषणं गाळून त्या जागी एक मोजता येण्यासारखी गोष्ट लिहा: हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. झाडं, पक्षी, खडक यांना नावं द्या. ‘एक पक्षी ओरडला’पेक्षा ‘टिटवी ओरडली’ बरं, कारण टिटवी जमिनीवर घरटं करते आणि कुणी जवळ आलं की कलकलाट करते. लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो.

अंधारात डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि विजेरीचा एक झोत ते सगळं घालवतो. तंबूतून बाहेर पडल्या पडल्या मुलाला दूरचा चेहरा ओळखू आला असं लिहू नका.

## टप्पा ९: वाचनचाचणी

त्याच वयाची चार-पाच मुलं घ्या, शक्यतो तुम्हाला न ओळखणारी. बाराव्या प्रकरणापर्यंतच द्या आणि तिथे थांबवून दोन प्रश्न लिहून घ्या: कॅमेरा कुणी नेला, आणि तुला असं कशावरून वाटतं? ‘कथा आवडली का’ हे विचारू नका; मुलं हो म्हणतात आणि हाती काही लागत नाही.

सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं आणि कारणही एकच आलं, तर तो पुरावा फार ठळक आहे. त्याला यादीच्या मध्ये सरकवा किंवा दुसरा अर्थ द्या. कुणालाच आलं नाही, तर उरलेली प्रकरणं देऊन उलगड्यानंतर चेहरे बघा. मागची पानं उलटून ‘अरे, होतं की इथे!’ असं म्हणाली तर हात लावू नका. नुसतीच मान डोलावली तर पुरावे कमी आहेत. आणखी एक पेरा, आणि तो सहाव्या प्रकरणाच्या आधी.

नाव बरोबर पण कारण चुकीचं (‘तो हसत नव्हता म्हणून’) असं दोघांनी लिहिलं, तर तुमच्या नकळत गुन्हेगाराच्या वर्णनात काळी छटा उतरली आहे. त्याचे सगळे प्रसंग पुन्हा वाचा आणि त्याला एखादं चांगलं काम करू द्या. होडीवाल्याने पावसाआधी मुलांचे वाळत घातलेले कपडे आत आणून दिले, तर ते पुरेसं आहे. शिवाय त्यामुळे पाऊस येणार हे त्याला ठाऊक होतं हेही वाचकासमोर येतं.